आमच्यात पुरतात

अप्पा, काल आपले मापाडीकाका वारले. तुमच्या आडतीवर आयुष्यभर काटा धरणारे, तेच. आज सकाळी त्यांची माती झाली. तिथून येऊन अंघोळ केली आणि दुकान न उघडता तसाच बसलोय. चहा पुढ्यात निवून गेला. जे पाहिलं ते अजून खरं वाटत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कुणाला सांगावं ते सुचत नाही.

गेल्या वर्षी पालिकेनं घरपट्टीच्या पैशातून काकांच्या वस्तीमागच्या स्मशानात ओटा आणि पत्र्याची शेड बांधायचं काढलं होतं. नाल्याकाठची ती उघडी जागा, तुम्हाला माहीत आहे. व्यापाऱ्यांच्या बैठकीत मीच उठलो. म्हणालो, "आमच्यात पुरतात. आम्हाला ना सरण लागतं ना शेड. मग आमच्या घरपट्टीतून कशाला? ज्याचं त्यानं बघावं." टाळ्या पडल्या हो अप्पा, आणि मला भारी वाटलं. अर्ज मीच लिहिला, पहिली सही माझी. शेडचं काम मागं पडलं, त्याऐवजी आपल्या मोंढ्यातल्या धान्यबाजाराचा रस्ता झाला. दुसऱ्या दिवशी काका नेहमीसारखे दुकानात आले. "ऐकलं मालक," ते म्हणाले, "तुमचं बी बराबर हाय. तुमाला लागत न्हाई." मी म्हणालो, "काका, तुमच्यावर राग नाही हो. सरळ गोष्ट बोललो." "हाव," म्हणाले, "तूर उतरायलीय, काटा बघतो." विषय तिथंच संपला. मला वाटलं, पटलं त्यांना.

आज चौथा दिवस झडीचा. आपली तूर झाकायची ताडपत्री मी सोबत नेली होती, तेवढं तरी सुचलं. लाकडं भिजून काळी पडलेली. चौघांनी ताडपत्रीचे चार कोपरे धरले, भंतेजींच्या मागून सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि अग्नी दिला. पेटलं की वर ताडपत्री वितळायला लागते, ती बाजूला घेतली की पाऊस विझवतो. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदाही तेच. कुणीतरी डिझेल आणायला मोटारसायकलवर पळालं. तोवर काकांची मुलगी, मुदखेडला नर्स आहे ती, स्वतः भिजत बापाच्या तोंडावर छत्री धरून उभी. जाळायला ठेवलेल्या बापाला पाऊस लागू नये म्हणून! उभ्या जन्मात मी असं काही पाहिलं नव्हतं. चार पत्रे, अप्पा. एवढंच तर अडवलं होतं मी.

आणि तिथं उभं असताना मला तुमचा दिवस आठवला. तुम्हाला फुलांनी सजवलेल्या विमानात, खांद्यावरच्या पालखीत, बसवून नेलंय. आपल्या पुरायच्या जागेला, रुद्रभूमीला, पक्की भिंत आहे, फाटक आहे, नळ आहे. त्या नळाचं पाणी बादलीनं आणून काका एकेकाच्या हातावर घालतायत आणि मधूनच शर्टाच्या बाहीनं डोळे पुसतायत. ती भिंत, तो नळ कुणाच्या पैशातला? त्याच घरपट्टीतला. काका भरत होते, त्यांची सगळी वस्ती भरत होती. त्यांच्यातलं कुणी कधी उठून म्हणालं नाही की आमच्यात जाळतात, आम्हाला तुमची भिंत कशाला. हे वर्षभरात माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. चांगला बी.कॉम. झालेला माणूस मी, एवढी साधी गोष्ट मला दिसू नये? तुम्हीही घरपट्टीचा कागद आला की कुरकुरायचात. बैठकीत मी बोललो ते बोलणं तुमचंच होतं. तुम्ही तिथं असता तर मला खाली बसवलं असतं की टाळी वाजवली असती? खरंच सांगता येत नाही मला, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

शेवटी डिझेलवर कसंबसं पेटलं. निघताना मुलगी पुढं आली, हात जोडले. "मालक, एवढ्या पावसात तुमी आलात, ताडपत्री आणलीत. आबा घरी लई नाव काढायचे तुमचं." मी तिच्या डोळ्यांत बघितलं. तिथं राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला काही ठाऊकच नव्हतं. काकांनी घरी सांगितलंच नव्हतं. मी म्हणालो, "अगं, घरचंच माणूस ते," आणि गाडी चालू करून निघून आलो. उद्या पालिकेत जाऊन अर्ज मागं घेईन, शेडसाठी भांडेनसुद्धा, ते जमेल मला. हा कागद मात्र कुठंच जाणार नाही. जे तिला सांगायला हवं होतं ते तुम्हाला लिहून बसलोय, कारण तुम्ही आता माझ्याकडं बघणार नाही.