वाळवणातली वाइन

गिरगाव,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ती. रामदासमामा यांना रुचाचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण आपल्या पुढच्या खोलीत सध्या तेवढी आडवी जागा नाही, आणि या पत्रात खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.) तुमच्याकडे थंडी सुरू झाली असेल. गुडघा कसा आहे? मामी जिना चढतात का, की अजून लिफ्टवाल्या घराचा हट्ट चालू आहे? इकडे सर्व ठीक. आईचा रक्तदाब १३०/८४. अप्पांचा माहीत नाही, ते मोजू देत नाहीत. पंचाहत्तरीनंतर मोजा म्हणतात, जणू तोपर्यंत तो थांबून राहणार आहे.

फोन न करता पत्र का, हा तुम्हाला पहिला प्रश्न पडेल. तुमचा फोन आला की आई तो स्पीकरवर ठेवते, आणि तुमचा आवाज ऐकून शेजारच्या मंजुळाकाकू हातातलं काम टाकून येतात. मेसेज पाठवावा तर आई माझा फोन चष्मा शोधायला म्हणून उचलते. म्हणून माझी मैत्रीण श्रेया मंगळवारी कामासाठी तिकडे येते आहे, तिच्या हाती हे पाकीट चिकटवून देते. वाचून झालं की फाडा. तुम्ही जुनी पत्रं जपून ठेवता हे मला ठाऊक आहे, हे ठेवू नका.

मुद्दा असा. तुम्ही डिसेंबर २००५ मध्ये बोटीवरून उतरताना आईकडे तांबड्या वाइनच्या सहा बाटल्या ठेवल्यात आणि म्हणालात, ‘ताई, नीट सांभाळ, वीस वर्षांनी उघडू.’ आता २१ डिसेंबरला अप्पांच्या पंचाहत्तरीला तुम्ही त्या उघडणार, आणि त्यासाठी बोटीवरचे आठ जुने सोबती बोलावले आहेत. गेल्या महिन्यात तुम्ही मला म्हणालात, ‘तू केमिस्ट आहेस, एखादी उघडून बघून ठेव.’ मी बघितलं. पाच बाटल्या गेल्या आहेत. आईला हे माहीत नाही आणि ते तिला कळता कामा नये. पत्राचा हेतू एवढाच. पुढचा मजकूर तपशील आहे, पण तो वाचल्याशिवाय तुम्हाला पटणार नाही.

तुम्ही ‘नीट सांभाळ’ म्हणालात. तुमच्या मनात थंड, अंधारी, न हलणारी जागा होती. तशी जागा गिरगावात नाही. आणि आईच्या मते जी वस्तू वर्षाहून जास्त टिकवायची, तिला दर उन्हाळ्यात ऊन दाखवावं लागतं. डाळी, चिंच, लोकरीचे कपडे, लोणच्याच्या बरण्या, सगळं अक्षय्य तृतीयेपासून गच्चीवर जातं. तुमच्या बाटल्याही गेल्या. वीस उन्हाळे. मी तिला सहज विचारते आहे असं दाखवून हिशोब काढला: वर्षाला साधारण बारा दिवस, दिवसाला पाच तास, म्हणजे बाराशे तास. (२०२० साली गच्चीला कुलूप होतं. त्या वर्षी तिने त्या गॅलरीत ठेवल्या आणि ऊन सरकेल तशा सरकवत राहिली. जेवायलासुद्धा उठून उठून गेली.) मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमच्या गच्चीच्या लादीवर मी एकदा तापमान घेतलं होतं. एक्कावन्न अंश. त्या वेळी मला बाटल्यांचं काही वाटलं नाही. लहानपणापासून त्या पापडांच्या बाजूला बघत आले होते. मला वाटायचं वाइन अशीच करतात.

शिवाय तिने त्या उभ्या ठेवल्या, कारण आडवी बरणी कोणी ठेवतं का. बुचं सुकून आकसली. मग २०१२ च्या सुमारास तिने प्रत्येक बुचावर मेण ओतलं आणि वर पांढऱ्या मलमलीचा दादरा बांधला, लोणच्याच्या बरणीला बांधतात तसाच, दोन वेढे आणि सुरगाठ. दर दिवाळीत दादरे धुतले जात. चौथ्या बाटलीतलं थोडं कमी झालेलं दिसलं तेव्हा तिने आकसलेलं बूच बोटांनीच काढून वर दोन बोटं गोडं तेल घातलं, कारण फोडी तेलाखाली बुडालेल्या असल्या की बुरशी धरत नाही. (मामा, हसू नका. तत्त्वतः हे बरोबर आहे. हवेचा संबंध तुटतो. पाचांतली सगळ्यात कमी बिघडलेली हीच निघाली.) हे सगळं मी दोष द्यायला लिहीत नाही. सूनबाईचे दागिने सांभाळावेत तशा तिने त्या सांभाळल्या. दुसऱ्या कोणी एवढं केलं नसतं, आणि केलं नसतं तर वाइन वाचली असती.

उघडण्याचा कार्यक्रम मी शनिवारी, २५ ऑक्टोबरला, दुपारी चारला ठेवला. आई प्रभादेवीला भजनी मंडळात गेली होती, ती साडेसहाच्या आत येत नाही. अप्पा आत झोपले होते. बुचं काढायला हितेश आला होता. (हितेश आमच्या प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करतो. वरळी कोळीवाड्यात राहतो. हाताला जोर आहे आणि हत्यारं स्वतःची आहेत, म्हणून त्याला बोलावलं.) घरात बूच काढायचा स्क्रू नव्हता, कारण घरात अशी बाटली प्यायला कधी उघडलीच नाही. त्याने आणलेला स्क्रू पहिल्या बुचात शिरला आणि बुचाचा भुगा झाला. दुसरं बूच आत पडलं. तिसरं निघालं, पण त्याच्या कडेने उतरलेल्या मेणात अडकून मेलेल्या मुंग्यांची एक रांग होती. हितेश म्हणाला, ‘ह्या बिचाऱ्या आत जायला बघत होत्या की बाहेर यायला?’ मी म्हटलं, नोंदीत तो रकाना नाही.

निष्कर्ष थोडक्यात देते. पहिली: रंग विटकरी, वास व्हिनेगरचा, आणि मोजल्यावर व्हिनेगरच. दुसरी: काकवी आणि ओलं वर्तमानपत्र. तिसरी: वर जवळजवळ स्वच्छ पाणी, खाली तीन बोटं चिखल. चौथी, तेलाची: तेलाचा खवट वास बाजूला केला (तो होत नाही) तर खाली काहीतरी फळासारखं होतं, म्हणजे एके काळी. पाचवी हितेशने माझ्या आधी तोंडात घेतली आणि ग्लास लांब सरकवला. मग म्हणाला, ‘आमच्याकडे सुकटीच्या टोपलीत पावसाचं पाणी शिरलं होतं एकदा.’ वर्णन मी तसंच लिहून घेतलं. त्यापेक्षा अचूक मला सुचलं नाही.

सहावी बाटली तुम्हाला आठवत असेल की फेब्रुवारी २००६ मध्ये फुटली. अप्पांच्या हातून, माळा आवरताना. आईने तेव्हा तुम्हाला फोनवर सांगून रडून घेतलं होतं. तर आम्ही पाच ग्लासांकडे बघत बसलो असताना अप्पा आतून बंडीवर आले, हातात ती बाटली घेऊन. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘हीपण बघ.’ फुटली होती ती सॉसची बाटली. ही त्यांनी कॉटखालच्या ट्रंकेत ठेवली होती, लग्नातल्या लोकरी सुटात गुंडाळून, आडवी, कारण उभी मावत नव्हती. ती ट्रंक आतल्या भिंतीला आहे, तिथे ऊन येत नाही, आणि ती कोणी हलवत नाही कारण तिच्यात अप्पांच्या ऑफिसचे जुने कागद आहेत असा सगळ्यांचा समज आहे. मी विचारलं, का लपवलीत. ते म्हणाले, ‘रिटायर होईन त्या दिवशी गुपचूप घेणार होतो.’ मग? ‘मग त्या दिवशी तुझ्या आईने पुरणपोळ्या केल्या.’ एवढंच उत्तर. पंधरा वर्षं ती तशीच राहिली.

त्या बाटलीचं बूच अख्खं आलं. शास्त्राप्रमाणे तीही बिघडायला हवी होती, आपल्याकडची उष्णता ट्रंकेतही शिरतेच. का बिघडली नाही हे मला सांगता येत नाही, आणि सांगता येत नसेल तेव्हा मी सांगत नाही. रंग मधोमध जांभळा, कडेला कोकमाच्या सरबतासारखा. चव मी वहीत लिहायला घेतली आणि ‘चांगली’ लिहून थांबले. अप्पांनी दोन घोट घेतले, पंख्याकडे बघत बसले, आणि मग म्हणाले, ‘रामदासला मी इतकी वर्षं उधळ्या म्हणत आलो.’ हे मी तुम्हाला कळवते आहे असं त्यांना माहीत नाही.

आणि साडेपाचला आई आली. पेटीवाल्या बाईंची नात आजारी, म्हणून मंडळ लवकर सुटलं. टेबलावर सहा उघड्या बाटल्या, सुटे दादरे, बुचांचा भुगा, बंडीतले अप्पा, आणि हितेश. तिने पिशवी खाली ठेवली, आणि पहिली बरणी उघडताना असतो तसा तिचा चेहरा झाला. कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘कशा निघाल्या गं?’

मामा, मी रोज लोकांना त्यांच्या तेलात भेसळ आहे, दुधात पाणी आहे असं लेखी कळवते. मला ते जड जात नाही. त्या क्षणी मी वही मिटून ठेवली. अप्पांनी बंडीच्या घेरात बाटली लपवायचा प्रयत्न केला, जो त्यांच्या पोटामुळे अर्धवट राहिला. हितेश उठला. अप्पांच्या बाटलीतला ग्लास उचलून तो तिच्यासमोर धरत म्हणाला, ‘काकू, ही तिसरी. तुम्हीच बघा, आम्हाला यातलं काय कळतंय.’

आईने उपवासाच्या दिवशी चहा प्यावा तसं, बशीत ओतून, चमचाभर घेतलं. तोंडात फिरवलं. डोळे मिटले. म्हणाली, ‘मुरलीय.’ आणखी एक चमचा घेतला. ‘ऊन लागलं ना, म्हणून. रामदास म्हणायचा अंधारात ठेव. अंधारात ठेवली असती तर वास मारला असता.’ अप्पा पुन्हा पंख्याकडे बघू लागले. तिने हितेशला विचारलं, ‘तुम्ही जेवून जाणार ना?’ आणि बशी घेऊन मंजुळाकाकूंकडे दाखवायला गेली. भिंतीतून आवाज आला, ‘दुर्गावहिनी, तुमच्या हाताला यश आहे हो.’ मी वीस वर्षांत आईला इतकी ताठ चालताना पाहिलं नव्हतं. हे निरीक्षण आहे, मत नाही.

आता परिस्थिती अशी. आईच्या हिशोबाने पाच उत्तम मुरलेल्या बाटल्या आहेत. (चवीपुरत्या उघडल्या, पुन्हा बंद करून ठेवते, असं मी तिला सांगितलं आहे.) २१ तारखेला ती स्वतः दादरे सोडणार आणि तुमच्या आठ सोबत्यांना वाढणार. सोबती बोटीवरचे आहेत, त्यांना फरक कळेल, आणि चांगुलपणाने गप्प बसणाऱ्यांतले ते नाहीत हे तुमच्याच गोष्टींवरून मला ठाऊक आहे. मामींना माझा नमस्कार, तुमच्या राजसला आशीर्वाद म्हणावा इतकी मी त्याच्याहून मोठी नाही, तेव्हा त्याला नुसतं विचारलं म्हणून सांगा.

तुमची भाची,
रुचा

ता. क. – खरी विनंती ही. येताना तांबडी वाइन आणा, कस्टम जेवढी येऊ देईल तेवढी, फार महाग नको पण जुनी. हॉटेलवर उतरताच मला द्या. मी पाचही बाटल्या रिकाम्या करून, धुऊन, भरून, नवी बुचं आणि मेण लावून, तेच दादरे त्याच गाठीने बांधून ठेवीन. (सुरगाठ मला येत नाही. हितेशला येते. त्याने आईची गाठ बघून शिकून घेतली.) आणि चौथ्या बाटलीवर दोन बोटं तेल मला घालावंच लागेल, नाहीतर आई ओळखेल. ती बाटली तुम्ही घ्या.

ता. क. २ – सहाव्या बाटलीतलं उरलेलं तुमच्यासाठी राखून ठेवते आहे, असं मी वर लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण ते उरलेलं नाही. मी सोमवारी ट्रंक उघडून पाहिली. अप्पा म्हणतात उडून गेली असेल. इतक्या वेगाने ती उडत नाही.

ता. क. ३ – पाकीट चिकटवत होते तेवढ्यात आई आली. ‘रामदासला लिहितेयस ना? मग माझा निरोप घाल.’ तो तिच्याच शब्दांत देते: ‘रामदास, तुझी ठेव जपली. आता येताना आणखी सहा आण. मला मात्र गच्चीचे जिने झेपत नाहीत, तेव्हा या वेळी रुचा सांभाळेल, तिच्या घरी. वरळीला समुद्रावरचं ऊन कडक असतं म्हणतात.’ हितेशबद्दल मी घरात आजवर एक शब्द काढलेला नाही. त्या सहा बाटल्या आणू नका. वरळीच्या उन्हाबद्दल मात्र तिची माहिती बरोबर आहे. मी दोनदा पाहून आले आहे.