पहिला दिवा तुमच्या हातचा

बाबा, आपल्या दुकानासमोरच्या शोरूमवाल्याच्या मुलाला काल मी क्लासमधून हाकलून दिलं. तुम्हाला हे मुळीच आवडलं नसतं, म्हणून तर तुम्हालाच सांगते आहे.

सुलतान बाजारातलं आपलं नऊवारीचं दुकान तुम्हाला काय सांगायचं! पण तो दिवस सांगते, कारण तुम्ही पुन्हा कधी त्याचा विषय काढला नाहीत. बाजारात नवं दुकान उघडलं की पहिला दिवा सगळ्यात जुन्या दुकानदाराने लावायचा, ही तुम्हा लोकांची रीत. देशात नुकतंच सगळं खुलं झालेलं, जो तो झगमगाटाला भुललेला, आणि आपल्या बरोब्बर समोर काचेचं शोरूम उभं राहिलेलं. मालक मिठाई घेऊन घरी आला. "साब, दिया आपके हाथ से." तो गेल्यावर आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो, तो तुमचंच गिऱ्हाईक पळवणार, आणि तुम्ही दिवा लावायला निघालात?" तुम्ही फक्त इस्त्रीचा कोट मागितलात.

थोड्याच दिवसांत, तुम्हाला न विचारताच, पेपरात त्याची जाहिरात आली. समईपुढे वाकलेले तुम्ही, तोंडभर हसू, आणि खाली छापलेलं, 'सुलतान बाजारचा जुना विश्वास, आता आमच्या दालनात.' झालं! लोकांना वाटलं, तुम्ही दुकान आवरून तिकडे गेलात. लग्नाचा शालू तुमच्याशिवाय कुणाकडे न घेणारी मराठी घरं सरळ त्या काचेच्या दारातून आत शिरतात, आणि तुम्ही गादीवर बसून बघता आहात. मी तेव्हा कॉलेजात. म्हटलं, आपणही जाहिरात देऊ, निदान पाटी तरी लावू, दुकान चालू आहे म्हणून. केवढ्यांदा खेकसलात माझ्यावर! "जिवंत माणसाने दारावर लिहायचं का, मी मेलो नाही म्हणून? ओळखीचे येऊन विचारतील." कोण आलं हो विचारायला? एक तरी आलं? पुढच्या दिवाळीच्या आत शटर कायमचं खाली आलं, आणि त्या माणसाला तुम्ही रस्त्यात भेटलात की नमस्कार करत राहिलात.

लोक मला विचारतात, मॅडम, चांगली नोकरी सोडून दिलसुखनगरला छोट्या दुकानदारांना ऑनलाइन मार्केटिंग कशाला शिकवता? मी समाजसेवेचं काहीतरी बोलून वेळ मारून नेते. सगळ्या थापा. सूड आहे हा, बाबा. बांगडीवाला येवो, शिंपी येवो, लोणची विकणारी बाई येवो, पहिल्याच दिवशी प्रत्येकाला स्वतःच्या दुकानाच्या दारात उभं राहून फोटो काढायला लावते. आपला चेहरा आपण आधी टाका, म्हणते, नाहीतर दुसरा कुणीतरी टाकेल. माझ्याकडे शिकलेली एक बाई आता सुलतान बाजारातूनच नऊवारी विकते, पुण्याहून तिला मागणी येते. ते शोरूम मात्र ओस पडलंय. मला त्याचा आनंद होतो. होतो म्हणजे होतो!

आणि काल त्याचा मुलगा आला. चांगला केस पिकलेला बाप्या, शिकायचं म्हणाला. बसायच्या आधी त्याने मोबाइल पुढे धरला, त्यावर माझ्या क्लासची जाहिरात. "मॅडम, ये फोटो हमारे दुकान का है ना?"

"फोटो तुम्हारा होइंगा, सूरत मेरे बाप की है. चलो, निकलो!" सगळा वर्ग बघत राहिला. तो बिचारा खाली मान घालून जिना उतरला. बिचारा कसला! मला रात्री झकास झोप लागली.

तर हो, माझ्या जाहिरातीत तोच फोटो आहे. शोरूमची पाटी कापून टाकली, तुम्ही आणि समई तेवढी ठेवली. तुमचं ते हसू बघून लोकांना विश्वास वाटतो, त्यावरच माझा वर्ग भरतो. तुम्हाला जाहिरात नको होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. विचारलं मीही नाही.