शिकागो ते मुंबई, माझ्या हिशेबाने

सोमवार, १४ डिसेंबर १९९८. कोथरूड
लेकाचा, पुष्करचा फोन. शुक्रवारी संध्याकाळी सहाला शिकागोहून निघतोय. तीन वर्षांनी! कॉम्प्युटरच्या त्या वायटूकेच्या कामातून एकदाची सुट्टी मिळाली म्हणायची. संकल्प: विमानतळावर त्याला पहिला मी दिसलो पाहिजे.

मंगळवार, १५
शिकागो-मुंबई अंतर काढलं. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला, पट्टीवर मोजला. तेरा हजार किलोमीटर. जन्मभर पाटबंधारे खात्यात कालवे मोजले, ते काही उगाच नाही. विमानाचा वेग ताशी नऊशे. म्हणजे साडेचौदा तास. शनिवारी सकाळी साडेआठला मुंबई! लोक उगाच ट्रॅव्हल एजंटला विचारत बसतात.

बुधवार, १६
आमच्या सौ. आनंदीच्या मते विमान शनिवारी मध्यरात्रीनंतर येणार. पुरावा काय, तर रविवारी सकाळी आपण चहा पीत असतो तेव्हा पुष्कर फोनवर शनिवारच्या रात्रीचं जेवण सांगतो. बायकांचं लॉजिक! फोनचा आणि विमानाचा काय संबंध? विमानातलं घड्याळ विमानाबरोबरच येतं. लंडनला थांबतं म्हणे. थांबेल दहा मिनिटं. एसटी नाही का लोणावळ्याला थांबत!

गुरुवार, १७
आनंदीने शेजारच्या बद्रीनाथची सुमो शनिवार संध्याकाळची ठरवली. परस्पर! म्हटलं, पोराने दिवसभर ताटकळत बसायचं का? तर म्हणते, अहो, कोण ताटकळतंय ते कळेलच. म्हटलं, तुझी सुमो तुला लखलाभ. मोठेपणा माझा. उद्या रात्रीच्या एसटीने एकटा जाणार.

शनिवार, १९. सकाळी ८.२०, सहार विमानतळ
रेलिंगला पहिला नंबर. शेवंतीचा हार, पुष्करच्या नावाची पाटी, सांज्याच्या पोळ्यांचा डबा. केस गेले असतील का त्याचे?

सकाळी ११
विमान लेट. चौकशीच्या खिडकीतला म्हणतो, आजोबा, ते अजून लंडनलासुद्धा पोचलं नाही, रात्री दीडला या. आजोबा! हल्ली कुणालाही नोकरीवर घेतात.

दुपारी ३
एक पोळी चाखली. बिघडल्या असतील तर मुलाला कशा द्यायच्या? बरी निघाली. दुसरीचीही खात्री केली.

रात्री ९
हाराने मान टाकली. डबा रिकामा. एकही पोळी बिघडलेली नव्हती. पाय भरून आलेत, बाकावर जरा टेकतो. डोळे मिटणार नाही.

रविवार, २०. दुपार, घरी
लिहावंसं वाटत नाही.
रात्री कुणीतरी वाकून माझ्या चपलेपाशी चाचपत होतं. मी लाथ झाडली आणि चोर, चोर म्हणून ओरडलो. हवालदार धावत आला.
पुष्कर होता. नमस्कार करत होता. चष्मा उडाला बिचाऱ्याचा. झोपलेल्या माणसाला नमस्कार करू नये, हेसुद्धा अमेरिकेत विसरला.
आनंदी आणि बद्रीनाथ आधीच येऊन रेलिंगला उभे होते म्हणे. मी दिसलो होतो, पण आनंदी म्हणाली, दमलेत, झोपू द्या. म्हणजे पोराला पहिली आई दिसली. फार लागलं मनाला.
सुमोत त्याने पोळ्यांची चौकशी केली. म्हटलं, विमान फारच लेट होतं रे.
आत्ता भरदुपारी झोपलाय. घोरतो अगदी माझ्यासारखा. केस गेलेत थोडे. मघापासून तीनदा पाहून आलो.
परतीचं विमान तीन जानेवारीला. हिशेबासाठी दोरा शोधला, तर आनंदीने त्या दोऱ्याने त्याच्या शर्टाचं बटण लावून टाकलंय. बरंच झालं. तीन जानेवारीला अजून पुष्कळ अवकाश आहे. माझ्या हिशेबाने.