शब्दबाईंच्या पुढच्या खोलीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, या गल्लीत 'शब्दबाई' या नावाने आणि माझ्या माघारी त्याहून कमी आदराच्या नावांनी ओळखली जाणारी, वय पंचाहत्तर पूर्ण, आज राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाखाली नसताना हे लिहून ठेवते. धाक घालणारी या घरात मी एकटीच असल्यामुळे त्या मुद्द्यावर कोणी शंका घेऊ नये. अक्षर मोठे आले आहे ते रागाने नव्हे. उजवा डोळा गेला आहे आणि डाव्याला मोठेच दिसते. माझी मानसिक स्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी 'मानसीक' असे लिहिले होते. मी ते दुरुस्त करून मागितले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाई, आता वेगळी तपासणी करायची गरज उरली नाही."

कलम पहिले. यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द करते. त्यात मी पुढची खोली माझ्या धाकट्या दिरांना दिली होती. ती का दिली आणि का काढून घेतली, हे त्यांचा वकील विचारणारच आहे, म्हणून पुढे सविस्तर लिहिते.

कलम दुसरे. राहते घर माझ्या नावावर आहे. त्यातला वरचा मजला आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलास मिळावी. शिल्लक पाहून त्याने तोंड वाकडे करू नये. प्राथमिक शिक्षिकेची शिल्लक ती, शोभेलशीच आहे. मुलगा गुणी आहे. मी जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना शब्द वाटले आणि माझ्या घरी 'हो', 'बघू' आणि 'ठीक आहे' एवढ्यावर संसार करणारा माणूस निपजला. त्याला दोष देत नाही. त्याच्या वडिलांचे तरी वेगळे काय होते? ते सुतार होते. माझ्या वर्गासाठी त्यांनी पुस्तकांच्या फळ्या मारल्या त्या इतक्या खाली की मोठ्या माणसाला वाकावे लागे. मी विचारले तर म्हणाले, "पुस्तक पोराला लागणार की साहेबाला?" तेवढे बोलून ते पुन्हा रंधा मारू लागले. त्यांचे रंधे, पटाशा आणि करवती मुलानेच ठेवाव्यात. विकू नयेत. वापरल्या तर मला आनंद होईल, पण त्या आनंदाची मी वाट पाहत नाही.

कलम तिसरे, वर्गाविषयी. दर वर्षी तिसरी-चौथीत काही मुले असतात, जी पाठ्यपुस्तक पहिल्या महिन्यातच वाचून संपवतात आणि मग वर्षभर पेन्सिल चावत बसतात. त्यांच्यासाठी मी शाळेत पुढच्या वाचनाचा वर्ग सुरू केला. प्रवेशाची परीक्षा माझी होती. मी एक गोष्ट वाचायला घ्यायची आणि ऐन रंगात आली की पुस्तक मिटायचे. जे मूल चिडेल त्याला प्रवेश. एकदा एक मुलगी माझ्या हातातून पुस्तक हिसकावून दाराकडे पळाली. तिला तर मी दारातच घेतले.

शब्दांची पद्धतही माझीच. गोष्टीत ज्याला ठेच लागेल तोच शब्द शिकायचा, आणि संध्याकाळपर्यंत तो घरी वापरून दुसऱ्या दिवशी काय झाले ते सांगायचे. एक मुलगा आजीला म्हणाला, "आजी, तू दुराग्रही आहेस." आजीने त्याच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, "बाई, म्हणजे अर्थ बरोबर होता ना?" असा पक्का झालेला शब्द कोणत्याही कोशाने पुसला जात नाही.

पुढे संस्थेच्या अध्यक्षांचा नातू परीक्षेला आला. मी पुस्तक मिटले तेव्हा तो गाढ झोपला होता. अध्यक्ष दुसऱ्या दिवशी शाळेत आले.

"आमच्या नातवात कमी काय आहे, बाई?"

"काही कमी नाही," मी म्हटले. "झोप तर फारच चांगली आहे."

त्या महिन्यातच वर्गाच्या खोलीत बॅटी, चेंडू आणि फाटकी जाळी ठेवण्यात आली. मुख्याध्यापकांनी सांगितले की खेळसुद्धा महत्त्वाचे असतात. या मुख्याध्यापकांना मी माझी छत्री देते. पाऊस नसताना अध्यक्षांच्या डोक्यावर धरण्यासाठी त्यांना ती लागेल. मी फळ्या उखडून घरी आणल्या आणि वर्ग पुढच्या खोलीत भरू लागला. तो आजपर्यंत भरतो आहे.

कलम चौथे, धाकट्या दिरांविषयी. हे आधी पाण्याचे पंप विकत. एकदा चहाला आले, तासभर वर्ग पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही सोन्याच्या खाणीवर बसलाय आणि वर चटई अंथरलीय." वर्षभरात त्यांची 'शब्दसम्राट प्रगत वाचन अकादमी' निघाली. तिथे वाचन नव्हते, शब्दांच्या याद्या होत्या. यादी पाठ झाली की पिवळा पट्टा, मग हिरवा, मग लाल. मुले कराटे शिकतात की भाषा, हे पालकांनीही विचारले नाही, कारण पट्टा शेजाऱ्याला दिसतो, वाचलेले पुस्तक दिसत नाही.

त्यांच्या वार्षिक समारंभात मला पहिल्या रांगेत बसवले होते. माहितीपत्रकावर माझा फोटो आणि खाली 'आमचे प्रेरणास्थान'. हार तेवढा घालायचा राहिला होता. लाल पट्ट्याचा एक चिमुरडा स्टेजवर आला आणि पाण्याचे प्रतिशब्द म्हणू लागला. जल, नीर, उदक, तोय... दिवे प्रखर होते, पोर घामाने भिजले होते. मधेच थांबून तो रडवेला होऊन म्हणाला, "मला पाणी पाहिजे." पडद्याआडून त्यांची शिक्षिका कुजबुजली, "सलिल! सलिल राहिला!" मी उठले, स्टेजवर चढले आणि माझी बाटली त्याच्या तोंडाला लावली. तो घटाघटा प्यायला. दीर माईकवर म्हणाले, "वहिनी भावुक झाल्या आहेत." टाळ्या पडल्या.

तरीही मी त्यांना खोली का दिली होती? कारण ते घाव कुठे घालायचा ते ओळखतात. म्हणाले, "वहिनी, तुमच्यामागे कोण आहे? मुलगा बँकेत. सून... जाऊ दे. मी निदान पाटी तरी ठेवीन." मला वाटले, खोलीत कोणा भाडेकरूची स्कूटर उभी राहण्यापेक्षा पट्टे परवडले. म्हणून लिहून दिली. आता काढून घेते. त्याबदली त्यांनी मला दिलेला 'प्रेरणास्थान' हा शब्द त्यांना साभार परत करते. फारसा वापरलेला नाही.

कलम पाचवे, सुनेविषयी. हे लिहिताना हात जड होतो आहे, पण ते वयामुळे असावे. माझी सून कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसते. लग्न होऊन आली तेव्हा तिचा शब्दसंग्रह 'ते' आणि 'हे' असा दोन खांबी होता. "आई, ते हे त्या ह्याच्यात ठेवलंय," एवढ्यात तिचे सगळे घर मावते, आणि नवल म्हणजे मुलाला वस्तू सापडतेही. मी तिला पहिल्या वर्षी तीन पुस्तके भेट दिली. तिने ती डगमगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली लावली. कपाट तेव्हापासून हलत नाही, हे मला मान्य करावे लागेल.

यंदा माझ्या डोळ्याचे ऑपरेशन बिघडले. पट्टी बांधून मी आतल्या खोलीत पडले. दोन्ही डोळे झाकलेले, दुसराही राहील की जाईल ते नक्की नाही. वाचता येणार नसेल तर मी कोण, एवढा एकच विचार डोक्यात घोंघावत होता. वर्ग बंद ठेवा असे मी सांगितले होते. संध्याकाळी मुले आली. दार उघडल्याचा आवाज आला, मग चपला काढल्याचा, आणि मग सुनेचा आवाज, "बसा. कुठपर्यंत आलं होतं?"

ती वाचू लागली. अडखळत, एकसुरी, काउंटरवर पत्ता वाचावा तशी. मी उशी घट्ट धरून होते. मग ती थांबली.

"किं... किंकर्तव्यमूढ. हा शब्द आहे की मालगाडी?"

मुले खिदळली.

"मला नाही येत. कोणाला येतो? कोणालाच नाही? मग आपण सगळे सारखेच. पुढे वाचू, कळतंय का बघू."

तिने पुढे वाचले. गोष्टीतला माणूस दारात उभा होता, आत जावे की बाहेर हे त्याला सुचत नव्हते. एक मुलगी ओरडली, "कळलं! काय करावं तेच ज्याला कळत नाही तो!"

"हात्तिच्या!" सून म्हणाली. "म्हणजे आमचे हे. मी आणि आई एकदम बोलायला लागलो की."

डॉक्टरांनी हसायला मनाई केली होती. मी पट्टीआड हसले, आणि मग फार वाईट वाटले. माझ्या वर्गात मुले इतकी हसत नसत. मत्सर हा शब्द मी कित्येकांना शिकवला. अंगाला कसा लागतो ते त्या दिवशी कळले. पुढचे पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी कान टवकारून पडून राहिले.

त्यातच एके दिवशी दीर टेप घेऊन आले. सून वाचत होती.

"काका, काय मोजताय?"

"पाटी केवढी बसेल ते बघतोय. तू चालू दे तुझं."

"बूट काढा आणि बसा. गोष्ट रंगात आलीय, मधे बोलू नका."

दीर बसले असावेत, बाक कुरकुरला. सून वाचत राहिली आणि नेमकी ऐन ठिकाणी थांबली, पान चिकटले होते म्हणून. मुलांनी आरडाओरडा केला. "पुढे काय? ताई, पुढे काय?" त्या गोंधळात दिरांचा शांत आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "चहा आहे का गं?"

तिथेच माझे जुने मृत्युपत्र संपले.

कलम सहावे. सबब, पुढची खोली, तिच्यातल्या फळ्या, बाक, पुस्तके आणि वर्ग चालवण्याचा पूर्ण अधिकार माझ्या पश्चात माझ्या सुनेस मिळावा. तिथे पट्टे, पेले, याद्या, मुलांचे क्रमांक लावणे आणि कोणाच्याही आजोबांची शिफारस यांना कायमची मनाई आहे. कपाटाखालची पुस्तके तिला वाटेल तेव्हा काढावीत. न वाटल्यास कपाट पडू देऊ नये.

कलम सातवे, पुरवणी. वरील मजकूर लिहून झाल्यावर मी तो सुनेला वाचायला दिला. स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचून तिने कागद ओट्यावर ठेवला.

"म्हणजे आता मी तुमच्या मरणाची वाट बघत बसायचं?"

"अगं, मृत्युपत्र असंच लिहितात."

"लिहोत. मेल्यावर कशाला देताय, आई? मेल्यावर मला शब्द अडला तर विचारू कोणाला? त्यापेक्षा सोमवारी द्या."

मी तिचे म्हणणे तिथल्या तिथे मान्य केले. हे लिहून ठेवते, कारण यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

सोमवारी मी माझी खुर्ची तिला दिली आणि मागच्या बाकावर, दात पडलेल्या एका मुलीशेजारी बसले. सून वाचू लागली, एका शब्दावर अडखळली, आणि मी सवयीने मागून अर्थ सांगून टाकला.

तिने पुस्तकावरून माझ्याकडे पाहिले. "आई, इथे बोलायचं असेल तर हात वर करायचा."

सगळी मुले मागे वळून बघू लागली. मी हात वर केला.

सबब, कलम सहामधले दान मी जिवंतपणीच पूर्ण केले आहे, ते या लेखातून वगळावे. बाकी कलमे माझ्यामागे अमलात यावीत, त्यांना घाई नाही.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली, मागचा बाक
दिनांक: वर सांगितलेल्या सोमवारनंतरचा मंगळवार, वर्ग भरण्याआधी

सही: (वाचता येण्याजोगी) शब्दबाई

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर. यांनी शुद्धलेखन तपासून सही केली.
साक्षीदार दुसरे: समोरचे चष्मेवाले. या मृत्युपत्रात आपल्याला काही मिळत नाही, याची दोनदा विचारून खात्री करून घेतल्यावर सही केली.