गुडघ्याच्या वर

बाबा, आज अमीनाबादहून एक कापड दुकानदार आले होते. दुकानाच्या पायरीवरून पडले, गुडघा दुखतो म्हणाले. मी त्यांना आडवं केलं, गुडघा हलवून पाहिला, तो ठणठणीत होता. मग मांडीवर तळहात ठेवून पाय हलकेच आत-बाहेर लोळवला, तसे ते कळवळले. "जांघ में दर्द होता है?" मी विचारलं. त्यांनी सोबत आलेल्या बायकोकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि हळूच हो म्हणाले. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार! पायावर भार द्यायचा नाही असं बजावून मी त्यांना थेट एक्स-रेला पाठवलं. हल्ली हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते, पुरुषांनाही, भाजीचा भाव विचारावा तसा. चौक मोहल्ल्यातून कंबर धरून येणाऱ्या, चिकनकारीचं भरतकाम करणाऱ्या बायकांना लघवी नीट होते का, बसायच्या जागी बधिर वाटतं का, तेही विचारते; मणक्यातली नस दबली तर तसं होतं. त्या तोंडाला पदर लावतात. मी उत्तर येईपर्यंत थांबते.

तुम्ही मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरच्या अंगणात घसरलात, तेव्हा मला फिजिओथेरपिस्ट होऊन चारच महिने झाले होते. तुमचे तुम्हीच उठलात, काठी घेतलीत, चहासुद्धा प्यायलात. आई म्हणाली, दाखवा की लेकीला, एवढी शिकली आहे ना. तुम्ही खाटेवर आडवे झाला आहात, पायजम्याची इस्त्रीही मोडलेली नाही, आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणता, "इथेच जरा." रेल्वेच्या रुळांतले बारीक तडे शोधण्यात आयुष्य गेलेला माणूस! मी गुडघ्याचे व्यायाम दिले. पाय सरळ ठेवून वर उचलायचा, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. तुम्ही ते शिस्तीने केलेत, कारण लेकीने सांगितलं होतं. बाराव्या दिवशी पाय उचलताना तुम्ही ओरडलात. खुब्याचं मोडलेलं हाड तोवर कसंबसं जागेवर होतं, ते सरकलं.

एक्स-रेच्या खोलीत पडद्याबाहेर मी उभी होते. आतल्या माणसाने कुठे दुखतंय म्हणून विचारलं आणि तुम्ही लगेच म्हणालात, "यहाँ भैया, जांघ के जोड़ में. पहले दिन से." परक्या माणसाला, परक्या भाषेत, किती सहज सांगितलंत. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला आणि तुम्ही घरी आला नाहीत. मी रडले नाही. अजूनही तुमची आठवण आली की काहीच वाटत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.

तेव्हापासून मी सगळ्यांना, आईलासुद्धा, एकच सांगत आले आहे: बाबा लाजले, त्यांनी मला सांगितलंच नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींनाही हेच सांगते. हे पत्र आईला दाखवणार नाही आणि तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी तुमच्या गुडघ्यात काही नाही, हे मला कळलं होतं. आता वरचा सांधा पाहायचा, हेही आठवलं होतं. माझा हात मांडीकडे निघालासुद्धा होता. तुम्ही मला अडवलं नव्हतं, बाबा. हात मीच मागे घेतला.