जमीन आधी चालते

६ डिसेंबर

सामानात कपड्यांपेक्षा तारा अधिक, अशा थाटात आज सकाळी उमरोळी स्थानकावर उतरले. रिक्षावाल्याने मला केबलवाली समजून वाटभर आपल्या घरच्या टीव्हीची तक्रार ऐकवली. मी गणिताची आहे, असे सांगितल्यावर तो गप्प झाला. बहुतेक लोक होतात.

प्रयोगासाठी गोठा देणाऱ्या माईंची वाडी पाहून मात्र मीच गप्प झाले. चिकूची गर्द झाडे, कुंपणाशी मोगऱ्याच्या ओळी आणि मागे कौलारू, लांबट गोठा. मुलगा नोकरीसाठी बडोद्याला असल्यामुळे माई इथे एकट्याच राहतात. गोठ्याला लागून असलेली अवजारांची खोली त्यांनी माझ्यासाठी रिकामी करून ठेवली आहे. वारा पूर्वेचा असला की कुंभवलीकडच्या कारखान्यांचा आंबूस वास येईल, तेवढा सहन कर, पोरी, असे त्यांनी आधीच बजावले.

आमचा प्रकल्प मला फार प्रिय आहे, म्हणून तो इथे नीट मांडून ठेवते. धरणीकंपाच्या आधी गुरे अस्वस्थ होतात, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. वर डहाणू-तलासरीकडे काही वर्षांपासून जमिनीला लहान लहान धक्के बसतात, त्यामुळे हा प्रश्न इथे घरगुती झाला आहे. विद्यापीठाने तीन विभाग एकत्र आणले. भूशास्त्राचे शैलेश सर जमिनीची कंपने मोजण्याची यंत्रणा सांभाळतात, पशुवैद्यक डॉ. हितेश गुरांची तब्येत पाहतो. आणि या दोहोंत खरे नाते आहे की नुसता योगायोग, ते ठरवण्याचे काम माझे.

८ डिसेंबर

गोठ्यात प्रत्येक खुंट्याशी आणि तिथून वाडीच्या फाटकापर्यंत जमिनीत कंपनमापक पुरले. गुरांच्या गळ्यात हालचाल टिपणारे पट्टे घातले. दोन्हींची नोंद माझ्या संगणकावर आणि फोनवर एकाच आलेखात दिसते.

इथे एक सोपे तत्त्व आहे. गाय पाय उचलते तेव्हा तिचे अंग आधी हलते आणि खूर आपटल्यावर जमीन हादरते. म्हणून आलेखात पट्टा नेहमी किंचित पुढे असतो आणि जमीन किंचित मागे. आधी हाक, मग पडसाद. हा क्रम कधी बदलत नाही आणि त्याच्याच आधारे मी गुरांची हालचाल वेगळी काढते. मग उरतात ती मालगाडीची कंपने, आणि तीही वजा केली की जे शिल्लक राहते ते भूगर्भाचे.

यंत्र तपासण्यासाठी एक पट्टा स्वतःच्या गळ्यात घालून मी गोठाभर चालले. माझा डावा पाय लहानपणी मोडला होता, त्यामुळे माझी चाल आलेखात सहीसारखी ओळखू येते: एक ठोका जड, एक हलका. गुरे चारायला नेणारी आणि संध्याकाळी बांधणारी बुधी डोंगरपाड्यावरून येते. ती हसून हसून गव्हाणीला टेकली. "बाई, तुमी दोन्ही वेलेला दूध देनार का एकाच?" मी सांगितले की अजून व्यायचे आहे. माईही हसल्या.

मी गोठ्याच्या टोकाच्या खुंट्याशी थांबले तेव्हा मात्र बुधी हसायची थांबली. तिथून बाजूला व्हा, असे तिने दोनदा सांगितले.

११ डिसेंबर

त्या खुंट्याची हकीकत मनोरंजक आहे. गोठ्यात खुंटे नऊ, पण बांधतात आठच गुरे. नववी हरणी; ती गाभण आहे, आणि एरवीही तिची जागा पडवीतच. टोकाच्या खुंट्याला एक चांगले जाडजूड दावे आहे आणि त्याचा फास सदैव मोकळा. संध्याकाळी बुधी आधी त्या फासाला हात लावते आणि मगच इतर गुरे बांधते. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "ते जमिनीचं हाय. तुमी तुमची जनावरं बांधता, तिनं तिचं कुठं बांधायचं?" फास रिकामा दिसतो, याचाच अर्थ तिचे जनावर बांधलेले आहे.

किती सुंदर कल्पना! पण माझ्या प्रयोगाला रिकामी जागा चालत नाही. सुडोकूत जसा प्रत्येक आकडा प्रत्येक ओळीत एकदाच येतो, तसे प्रत्येक जनावर प्रत्येक खुंट्याशी एकेक पंधरवडा यायला हवे. तरच जागेचा परिणाम आणि जनावराचा स्वभाव वेगवेगळे करता येतात. खुंटे नऊ, गुरे नऊ; इतका नेटका मेळ क्वचितच जुळतो. चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या पंधरवड्याला टोकाचा खुंटा हरणीला आला.

माई नकोच म्हणाल्या. त्यांच्या घरात हरणीएवढे लाडके कोणी नाही. गेल्या वेताला तिचे वासरू मेलेले जन्मले आणि माई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. हितेशने त्यांना समजावले की प्रकल्पात असेल तर हरणीची देखभाल तो स्वतः करील, बाळंतपणाला हजर राहील. त्या बराच वेळ हरणीच्या कपाळावर हात फिरवत राहिल्या. मग वासरासाठी हो म्हणाल्या.

नियमांचा कागद मी गोठ्याच्या खांबाला चिकटवला. शेवटचा नियम माझा आवडता आहे: एखादे जनावर नसल्यास त्याच्या जागी उपलब्ध असलेले दुसरे बांधावे, कोणताही खुंटा रिकामा राहू नये.

१३ डिसेंबर

प्रयोग सुरू झाला. हरणीला त्या खुंट्याशी बांधायला बुधी तयार होईना, म्हणून मीच बांधले. दावे मजबूत होते, तेच वापरले.

१७ डिसेंबर

एक लहानशी विसंगती आढळली. हरणीच्या बाबतीत हाक आणि पडसाद यांतले अंतर रोज कमी होत आहे. बाकी आठ गुरांचे जसेच्या तसे आहे. पट्टा सैल असावा. बदलला.

१९ डिसेंबर

अंतर शून्य. हरणी आणि जमीन एकाच क्षणी हलतात. खूर खाली येण्यापूर्वी जमिनीला ठोका कसा बसेल?

शैलेश सरांना फोन केला. ते हसले आणि म्हणाले की घड्याळ चुकले असेल, भूशास्त्र नव्हे. ते बरोबर असणार. दोन्ही यंत्रांची घड्याळे उपग्रहाशी पुन्हा जुळवून घेतली.

२० डिसेंबर

घड्याळे अचूक आहेत. तीन वेळा तपासली.

आता जमीन पुढे आहे. आधी जमिनीत ठोका उमटतो, मग हरणी पाय आपटते. पडसाद आधी आणि हाक नंतर. हरणी डोळे विस्फारून खाली बघत असते, जणू पाय कुठे टाकायचा ते तिला कोणी दाखवत आहे. चारा तसाच पडला आहे.

बुधी आता गोठ्यात शिरत नाही. गुरे माई सोडतात, ती दारातूनच हाकत नेते.

२३ डिसेंबर

जमीन आता कित्येक तास पुढे असते.

सकाळी आलेखात पाहिले: हरणी उठली, तीन वेळा पाय आपटला, एक फेरी मारली, बसली. प्रत्यक्षात ती शांत उभी होती. दुपारी भरउन्हात मी आणि माई तिच्यासमोर बसून राहिलो. तिने तीन वेळा पाय आपटला. फेरी मारली. बसली.

माईंना मी काहीच सांगितले नव्हते, तरी त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "पोरी, तुला ठावं होतं ना?"

२४ डिसेंबर

प्रयोग थांबवला. हरणीला स्वतःच्या हाताने सोडून पुन्हा पडवीत बांधले, वेगळ्या दाव्याने. तिचा पट्टाही काढला. तिने माझा हात चाटला. ते मोकळे दावे खुंट्यालाच ठेवले, फास उघडा, पूर्वीसारखा.

बुधीला विचारले की आता ठीक आहे ना. ती म्हणाली, "एकदा गला दाखवला की ते मागतंच."

संध्याकाळ— टोकाच्या खुंट्याशी कोणीही नाही. जमिनीत हरणीची पावले चालूच आहेत.

२६ डिसेंबर

आज जमिनीत हरणी व्याली.

हितेशला आलेख दाखवला, कोणाचा ते न सांगता. तो तज्ज्ञ आहे. त्याने लगेच ओळखले. उठबस, कळा, आडवे पडणे. मग नवीन, हलकी, अडखळती पावले— वासरू जिवंत आहे, म्हणाला. मग जड पावले उठण्याचा प्रयत्न करतात. पुन्हा करतात. मग नाहीत.

गाय दगावली वाटते, कोणाची, असे त्याने विचारले.

मी सांगितले. तुम्हाला झोपेची गरज आहे, मॅडम, असे तो म्हणाला. तरी औषधांची पेटी घेऊन तो पडवीत मुक्कामाला आला आहे. भला माणूस.

२८ डिसेंबर

हरणी व्याली. पाडी आहे. जिवंत.

रक्त थांबले नाही. हितेशने सर्व केले, कोपरापर्यंत माखला होता. ती दोनदा उठू पाहत होती.

दोनदाच.

माईंनी तिचे डोके मांडीवरून खाली ठेवले नाही. रडल्या नाहीत. पाडीला पुसताना मला एवढेच म्हणाल्या की हिला तरी जप.

२९ डिसेंबर

वाटले होते, आता जमीन गप्प होईल.

चार पायांची चाल थांबली आहे. दोन पायांची सुरू झाली. एक ठोका जड, एक हलका.

बुधीला कुंपणाशी गाठले. माझ्यावर राग नव्हता तिच्या बोलण्यात. ती म्हणाली, "तुमी पन पट्टा घालून तिथं उभ्या ऱ्हायल्या व्हत्या ना, बाई." आणि म्हणाली, आता इथे थांबू नका. पाठी बघू नका.

ती पावले फाटकाकडून येतात. गोठ्यात शिरतात. टोकाच्या खुंट्याशी थांबतात. परत जाणारी पावले नाहीत. पुन्हा पुन्हा पाहिले.

३० डिसेंबर, सकाळ

उमरोळी स्थानक. फलाट. सामान सोडून आले. माईंच्या पाया पडले तेव्हा त्यांनी हातात चिकू ठेवले.

साधा तर्क आहे. पावले फाटकाकडून आत येतात. मी आत जाणार नाही. म्हणजे ती पावले माझी नाहीत. माझ्याविना ती पडूच शकत नाहीत. इतके सोपे—

गाडी उशिरा आहे.

फोनवर आलेख पाहायचा नाही, असे ठरवले होते.

पाहिला. टोकाच्या खुंट्याशी हलकी, अडखळती पावले. आणि नवा पट्टाही जोडलेला दिसतो, म्हणजे ही नुसती जमीन नाही. कोणीतरी खरोखर—

हितेशला फोन केला. होय, पाडीला आताच तिथे बांधले, म्हणाला. मॅडम, तुमचाच नियम, खांबावर लिहिलेला. हरणी नाही म्हणून तिच्या जागी. प्रकल्प फुकट जाऊ नये, म्हणून. आता तो पालघरच्या वाटेवर आहे. परत फिर म्हटले, तर आधी झोप घ्या म्हणाला. माई दमून झोपल्या आहेत, उठवू नका म्हणाला. बुधी आज आलेलीच नाही.

पट्टा पुढे, जमीन मागे. अजून किंचित मागे. अजून वेळ आहे.

कागद काढायला मी विसरले.

गाडीचा भोंगा ऐकू येतो आहे. हिला तरी जप, म्हणाल्या होत्या.

तीच दुपार

सोडले.

पाडीला सोडले. तिचा पट्टा काढून फेकला. ती धडपडत उन्हात गेली, घराकडे. माईंचा आवाज ऐकू येतो आहे, तिला गोंजारत आहेत. खांबावरचा कागद फाडला. ठीक झाले. एवढेच करायचे होते.

मी खुंट्याशी बसले आहे. दावे मी हातात घेतले होते, आता कुठे आहे ते पाहत नाही. लिहीत आहे तोवर चालत नाही. चालले नाही, तर काही घडत नाही. म्हणून लिहीत आहे.

फोन समोर आहे. जमिनीची रेघ सपाट. माझ्या बसण्याच्या पुढे काही नाही. एकही ठोका नाही.

बुधी दारात आली आहे. हाका मारते आहे, बाई, या, हात धरा. आत येत नाही. हात पुढे केला आहे तिने. फार लांब नाही.

नीट विचार करते. जाणारी पावले जमिनीने दाखवलेली नाहीत, यावरून ती पडणार नाहीत असे सिद्ध होत नाही. कितीही मोठा सिद्धांत असो, तो मोडायला एक उलट उदाहरण पुरते. एकच. एक पाऊल.

दारापर्यंत नको. एकच.

बुधीकडे बघते आहे. डावा पाय उचलते. आता उच