पाहुणे येण्याआधी मधमाश्या

१९ एप्रिल, शुक्रवार

ठरलं. हाजी-राया, म्हणजे बकरी ईद, झाली की हिल्मीच्या घरची मोठी माणसं रीतसर मला मागणी घालायला येणार. आमची आई, मक, रडली. अबाहना, बाप असल्यामुळे, रडता येईना. ते अंगणात जाऊन कोंबड्यांवर ओरडले. मी शांत आहे. जेवले नाही, पण ते उकाड्यामुळे.

एकच अडचण. अशा वेळी मुलाकडचा वडीलधारा माणूस ओटीवर बसून चार ओळी म्हणतो. तुमच्या बागेत एक फूल उमललंय असं कानावर आलं, आमच्याकडचा एक भुंगा केव्हाचा घिरट्या घालतोय, फुलावर आधीच कुणाचा हक्क नसेल तर वगैरे. आणि आमच्याकडे बागच नाही. टॅपिओका आहे, कपडे वाळत घालायची तार आहे, कोंबड्या, गटार. म्हणजे एक सज्जन म्हातारा आमच्या दारात येऊन धडधडीत खोटं बोलणार, आणि तेही आमच्यामुळे.

अबाहना हे सांगितलं. म्हणाले, अगं, ते फूल म्हणजे तू. तेवढं मलाही कळतं, घरात कॉलेजात गेलेली मी पहिली आहे. पण कवितेला काहीतरी पाया नको? अबाह म्हणाले, पाया घालायचाच असेल तर मोरीमागे घाल, तिथे चिखल होतो.

संकल्प : बाग. नुसती फुलं नाहीत. मधमाश्या, फुलपाखरं, भुंगे येतील अशी निवडून लावलेली झाडं. जिवंत पुरावा.

२१ एप्रिल

लायब्ररीत दिवसभर पुस्तक वाचलं. (मी तिथेच नोकरीला आहे, पण कामाच्या वेळात वाचलं म्हणून जेवणाची सुट्टी घेतली नाही. फिटंफाट.) मधमाश्यांसाठी पहिलं नाव लॅव्हेंडर. पुस्तक थंड देशातलं आहे, पण माशी ती माशीच.

नर्सरीवाल्याला फोन केला. कुठे लावणार, म्हणून त्याने विचारलं. गावाचं नाव सांगितलं, भातशेतीच्या मधोमध म्हटलं. त्याने गावाचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, लावा, लावा. त्याला बहुधा कौतुक वाटलं असावं.

हिल्मीला मेसेज पाठवला की तुझी माणसं येतील तेव्हा आमचं अंगण मधमाश्यांनी भरलेलं असेल. त्याने लगेच वाचलं. लिहायला लागला, थांबला, पुन्हा लिहायला लागला. शेवटी एकच शब्द आला : "किती?" रस्ते मोजायच्या खात्यात असल्याचा हा फायदा. माणूस नेमकं विचारतो. मी कळवलं, शक्य तितक्या. त्याने अंगठा पाठवला.

२७ एप्रिल

लॅव्हेंडर आले. मकने वास घेतला आणि विचारलं, हे खातात? नाही. ह्याने डास जातात? नक्की माहीत नाही. उवा? मक! मग म्हणाली, काहीच करत नाही तर ह्याला एवढं जावयासारखं काय बसवून ठेवलंस?

आज सारखी कॉलेजची आठवण येतेय. एकदा कँटीनबाहेरच्या झाडाखाली आम्ही जेवायला बसलो होतो. माझ्या सरबताच्या पेल्यावर एक मधमाशी बसली. हिल्मी पानासकट उठला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून जेवला. मुलीशेजारी बसायचं म्हटल्यावर इतका संकोच करणारा मुलगा मी पाहिला नव्हता. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं होतं.

६ मे

रोज दुपारी पाऊस. दोन लॅव्हेंडर झोपले आहेत. ही विश्रांतीची अवस्था असते.

शेजारच्या काकू, मकचिक सेनाह, कुंपणावरून म्हणाल्या, नाझिरा, ती वाळकी काटकी कशाला जपतेस गं, झाडू बांधायचाय का? मी विश्रांतीचं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, आमचा म्हातारा पण दुपारचा असाच पडलेला असतो, पण त्याला हलवलं की तो शिव्या तरी देतो.

नोंद : गटाराच्या काठी घाणेरी माजली आहे. तिच्यावर फुलपाखरांची गर्दी असते, पिवळी, निळी, काळी. वाईट वाटलं. बिचाऱ्यांना चांगलं काही मिळालंच नाही, म्हणून तिथे बसतात. आपली बाग झाली की सुधारतील.

१७ मे, शुक्रवार

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी दिसलं. पुसायला गेले तर ते चालायला लागलं. अळ्या! पुस्तकात बघितलं, हीच मोठी काळी-पिवळी फुलपाखरं होतात. म्हणजे बाग लागू पडतेय. (अळ्या लॅव्हेंडरवर नाहीत, कढीपत्त्यावर आहेत. पण अंगण एकच.)

मकने अळ्या काढायला चप्पल उचलली. मी आडवी आले. म्हटलं, मक, ही उद्याची फुलपाखरं आहेत. मक म्हणाली, आणि आजची माशाची आमटी? गल्लीतल्या अर्ध्या बायका आमच्याच झाडाचा पाला नेतात, त्यांना काय तोंड दाखवू? शेवटी तडजोड केली. अर्धं झाड अळ्यांना, अर्धं मकला.

२४ मे

अळ्यांना तडजोड मान्य नाही.

३१ मे, शुक्रवार

झाड म्हणजे नुसत्या काड्या. आज आमटी पाल्याशिवाय झाली. अबाहनी ताटातला मासा एकदा उलटा करून बघितला. मग म्हणाले, ह्या माशाला अजून तळ्यात असल्यासारखंच वाटत असेल.

मी कामावर असताना फुलपाखरं बाहेर आली. धाकटी बहीण इनतान घरी होती. तिने सांगितलं, कक (ताईला आमच्यात कक म्हणतात), छान होती गं, पंख वाळवले आणि सरळ कुंपणावरून सेनाहकडे गेली. मी विचारलं, लॅव्हेंडरकडे एकदा तरी बघितलं का? इनतान म्हणाली, कुठला लॅव्हेंडर?

संकल्प : परतफेडीची अपेक्षा ठेवायची नाही. आजपासून सर्व बारीक जिवांशी निरपेक्ष वागायचं.

४ जून

भुंगा आला! खराखुरा, काळा कुळकुळीत, अंगठ्याएवढा. ओटीच्या खांबात भोक पाडून राहतोय. अबाह लाकडी खुंटी आणि हातोडी घेऊन निघाले होते. मी खांबाला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, अबाह, चार ओळींमधला भुंगा तो हाच. अबाह म्हणाले, त्या ओळींमधला भुंगा घिरट्या घालतो, हा माझं घर खातोय. पण खुंटी खिशात ठेवली. मी जिंकले.

हिल्मीला फोटो पाठवला. दुपारपर्यंत उत्तर नाही. मग आलं : "तो तिथेच राहतो का?" किती कोमल मन! एका किड्याच्या घराची काळजी. मी कळवलं, हो, बरोबर पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या वर. अंगठा सुद्धा आला नाही. भारावला असणार.

१५ जून

शेवटचा लॅव्हेंडरही विश्रांतीला गेला. आता स्वतःशी खोटं बोलायचं नाही : ही विश्रांती जरा लांबेल.

त्याऐवजी सूर्यफुलाची रोपं आणली.

१६ जून

कोंबड्या.

२३ जून

राया छान झाली. आता आठवडाही उरला नाही आणि माझ्या पोटात सतत काहीतरी फडफडतं. त्या अर्थाने बाग भरली आहे.

आज एक कठोर निर्णय घेतला. गटाराकाठची सगळी घाणेरी उपटली. तिच्यावर फुलपाखरं होती, मान्य. मी त्यांची आधी माफी मागितली. पण हिल्मीच्या आईने विचारलं असतं, हे कसलं झाड, तर आमच्यापैकी कुणाला तरी नाव घ्यावं लागलं असतं. आमच्या गावात ह्या झाडाला कोंबडीच्या विष्ठेचं नाव आहे. वडीलधाऱ्यांसमोर मी ते उच्चारू शकत नाही, आणि दुसरं नाव सांगणं म्हणजे खोटं.

उपटून झाल्यावर कुंपणापलीकडे बघितलं. सेनाहकडे घाणेरीचं अख्खं कुंपणच आहे. आमची सगळी फुलपाखरं तिथे. मकचिक सेनाह म्हणाल्या, बघ गं, तुझे पाहुणे चुकून माझ्याकडे आले.

२८ जून, शुक्रवार

अंगणात जिवंत फुलं : झिनियाची तीन, कुंडीतली. माश्या : नाहीत.

मकने माळ्यावरून प्लॅस्टिकची फुलं काढली, जिन्यावर लावू म्हणाली. मी स्पष्ट नकार दिला. खोट्या फुलांवर खऱ्या ओळी म्हणायला लावणं म्हणजे पाहुण्यांची फसवणूक. ती पिशवी तशीच ठेवून मक पुटपुटली, ह्या मुलीला कॉलेजात नक्की काय शिकवलं?

मग झाकणात साखरेचं पाणी ठेवलं. ही फसवणूक नाही, आमंत्रण आहे. मुंग्या आल्या. मुंग्याही काही अंशी परागीभवन करतात.

उद्या. उद्या. 

२९ जून, शनिवार, संध्याकाळ

अक्षर कसंही येईल.

हिल्मीचे थोरले काका, आई आणि एक मावशी असे तिघं आले. गाडी हिल्मीने चालवली, पण तो उतरला नाही. काचा वर, इंजिन चालू, आत बसून राहिला. मकला फार आवडलं. किती मर्यादशील मुलगा, म्हणाली. मलाही तेच वाटलं. मला नेहमी तेच वाटायचं.

मकने ओटीवर गुलाबी सरबताचं मोठं पातेलं ठेवलं होतं. काकांनी घसा साफ केला. तुमच्या बागेत, म्हणाले, एक फूल उमललंय, असं कानावर आलं. आणि त्याच क्षणी माश्या आल्या.

सगळ्या आल्या. दोन महिने ज्यांची वाट बघितली त्या सगळ्या, आणि ज्यांना बोलावलं नव्हतं त्या गांधीलमाश्याही. आधी पातेल्यातल्या डावावर बसल्या, मग पेल्यांवर, मग काकांच्या टोपीवर. अशा वेळी मुलीने ट्रे धरून खाली बघत उभं राहायचं असतं, बोलायचं नसतं. मी ओरडले, बघा, बघा, आल्या! त्या आवाजाने खांबातला भुंगा बाहेर पडला आणि लाकडाचा भुसा थेट मावशींच्या पेल्यात. काका तोंड अर्धवट मिटून भुंग्याच्या ओळीपर्यंत पोचले. शेवटची ओळ राहिली.

हिल्मीची आई उठून पळाली. गाडीच्या काचेवर दोन्ही हात ठेवून ओरडायला लागली, उतरू नकोस, अजिबात उतरू नकोस! मग मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाली, लहानपणी एक मधमाशी चावली तर ह्याचं तोंड एवढं सुजलं, श्वास बंद, हॉस्पिटलात मरता मरता वाचला. अजून बॅगेत इंजेक्शन घेऊन फिरतो. तुला सांगितलं नाही त्याने?

मी म्हटलं, त्याने विचारलं होतं, किती.

ते निघून गेले. अबाहनी फूल मोकळं आहे म्हणायचं असतं, ते म्हणायचं राहून गेलं. प्रश्नही अर्धा, उत्तरही नाही.

२ जुलै

फोन नाही. मी करणार नाही. (केला. लागला नाही. पुन्हा करणार नाही.)

अबाहनी खांबात खुंटी ठोकली. त्याआधी तासभर भुंगा बाहेर जायची वाट बघत बसले. ठोकताना मी आत होते. अबाहनी घाव अगदी हळू घातले, त्यामुळे जास्त रडू आलं.

५ जुलै, शुक्रवार

हिल्मीचा फोन आला. म्हणाला, तू इतकी आनंदात लिहायचीस, मला सांगवेना. म्हटलं, काचा वर करून बसेन, एका दिवसाचा प्रश्न आहे. मी म्हटलं, जन्मभर काचा वर करून बसणार होतास का? तो म्हणाला, हो, विचार केला होता तसा.

फोन ठेवून मी दोनदा पाणी प्यायले.

काका पुढच्या शनिवारी पुन्हा येणार, राहिलेली ओळ म्हणायला. त्याच्या आईच्या दोन अटी : सरबत आत, झाकून. आणि अंगणात एकही खरं फूल नको. ह्या वेळी हिल्मी उतरणार आहे.

झिनियाची कुंडी मकचिक सेनाहना दिली. मकची ती पिशवी मागून घेतली, प्लॅस्टिकची सगळी फुलं साबणाने धुतली आणि वाळायला जिन्यावर मांडली. मक जाता-येता हसत होती.

दुपारी अंगणात बघितलं तर लाल प्लॅस्टिकच्या गुलाबावर एक फुलपाखरू बसलं होतं. मोठं, काळं-पिवळं. कदाचित आमच्याच कढीपत्त्यावरचं. इतक्या महिन्यांत माझ्या फुलावर बसलेलं पहिलं.

फुलपाखराला डंख नसतो. पुस्तकात आहे, मी वाचलंय.

तरी हाकललं.